चौथ्या प्रकरणातलं भगुलं

मार्च सरत आला की आमच्या गल्लीत माणसांच्या सदऱ्यांना चिकटून पेंढा येतो. फळबाजारात आंब्याच्या पेट्या सुरू झाल्याची ती खूण. माझा नवरा त्या बाजारात माथाडी होता. तो होता तोवर दुपारी परतल्यावर त्याचा सदरा दारात झटकायचा आणि मगच घरात घ्यायचा, असा नेम होता. आता तो नाही. शेजारच्यांचा पेंढा वाऱ्यानं उंबऱ्याशी येतो, तो झाडते. आंब्याच्या वासाचं लोकांना कौतुक असतं. तीस वर्षं तो वास घामात मुरलेला घेतल्यावर मला त्याचं काही राहिलेलं नाही.

पेंढ्याच्या दिवसांतच परीक्षा येतात. कोपरखैरण्याची ही बैठी घरं आता बैठी राहिलेली नाहीत. एकावर एक तीन मजले चढलेत, आणि दर मजल्याच्या जिन्यात एक तरी पोरगी पुस्तक घेऊन बसलेली असते, कारण आत टीव्ही चालू असतो. जिना उतरताना पाठांतराचे तुकडे कानावर पडतात. अर्धी व्याख्या, अर्धी कविता, कुठला तरी तह. यंदाही पडतायत. ते ऐकलं की मला वैशालीची कादंबरी आठवते. पुस्तक वाचनालयात परत गेलं, पण जागा न सोडणाऱ्या भाडेकरूसारखी ती गोष्ट माझ्या डोक्यात बसून आहे.

वैशाली माझी सून. बारावी झाली आणि लग्न होऊन इकडं आली. महाप्याच्या एका कारखान्यात खोक्यांवर लेबलं लावायची, आठ तास उभ्यानं. तिथल्या ऑफिसात एक जागा निघणार होती, खुर्चीवर बसून करायचं काम, पण त्याला बी.ए. पाहिजे होतं. म्हणून तिनं घरूनच शिकायचं बी.ए. धरलं. दोन वर्षं निघाली. तिसऱ्या वर्षाला मराठीच्या पेपरात ही जुनी कादंबरी आली. नाव सांगत नाही. ज्यांनी चार पुस्तकं जास्त वाचलीत त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही.

वर्ग फोनवर भरायचा. त्यात बोलणं कमी आणि लिहिणं जास्त. मॅडम दर प्रकरणावर एक प्रश्न टाकायच्या. त्याच्याखाली प्रत्येकानं आपला प्रतिसाद लिहायचा आणि वर्गातल्या दुसऱ्या दोघांच्या प्रतिसादाला उत्तर द्यायचं. याचे मार्क होते, आणि ते मिळाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. पहिल्या पाळीवरून चार वाजता आली की वैशाली एका हातानं चहा ढवळायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं लिहायची. चहा उतू गेलेला मी बरेचदा पुसला.

ती कामावर गेली की घरात मी आणि ते पुस्तक. जाड, पिवळ्या पानांचं, उघडलं की जुन्या गोणपाटासारखा वास यायचा. मी चौथीपर्यंत शिकले, पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या शाळेत. त्यानंतर वाचलं ते रेशनकार्ड, मतदानाची चिठ्ठी आणि कॅलेंडरची मागची बाजू. दुपारी पत्रा तापतो, झोप लागत नाही, म्हणून एक दिवस ओळीखाली बोट धरून सुरुवात केली. दिवसाला पाच-सहा पानं. दोन महिने लागले. आवडली का, असं वैशालीनं विचारलं.

"आवडाय काय, प्येढा हाय का त्यो?" मी म्हटलं. "वाचली."

गोष्ट साधी आहे. द्वारका ही तीन भावांच्या घरातली थोरली सून. घर हळूहळू मोडत जातं. अकराव्या प्रकरणात भाऊ वाटण्या करतात आणि अंगणात भिंत घालतात. शेवटी द्वारका एकटी उरते. लेखकानं पाऊस फार पाडलाय. आधीच्या वाचकांनी पुस्तकात पेन्सिलीनं रेघा मारल्या होत्या. लेखक जिथं 'आयुष्य म्हणजे' असं सुरू करतो तिथं हमखास रेघ. कामाच्या ओळी कोऱ्या.

वर्गातल्यांचे प्रतिसाद वैशाली मला वाचून दाखवायची. कळंबोलीचा रोहन म्हणून एक मुलगा होता, त्याचं सगळ्यांत लांब असायचं. 'द्वारका ही पुरुषप्रधान व्यवस्थेची बळी आहे.' त्याच्याखाली नेहा नावाच्या मुलीचं, 'द्वारका ही पुरुषप्रधान व्यवस्थेची बळी आहे असे मलाही वाटते.' तिच्याखाली आणखी सात जणांचं तेच.

"सगळ्यांनी डब्यात एकच भाजी आनलीय," मी म्हटलं.

"आत्या, असंच लिहितात हो. मॅडमना चालतं."

आमच्या साताऱ्याकडं सासूला आत्या म्हणतात.

"आन ह्ये खाली काय हाय? सहमत, सहमत, खूप छान मांडलंस?"

"दोघांना उत्तर द्यावंच लागतं ना. कम्पल्सरी आहे."

"लग्नातल्या अक्षदाच म्हन की. कुणावर पडल्या कुणाला ठावं. टाकल्या म्हंजी झालं."

ती हसली, आणि तिनंही दोन ठिकाणी 'सहमत' टाकलं.

मग तो प्रश्न आला. द्वारकेचं घर नेमकं कुठं मोडलं, आणि ते वाचकाला कशावरून कळतं? सगळ्यांनी लिहिलं, अकराव्या प्रकरणात, भिंतीवरून. रोहननं भिंत हे प्रतीक आहे असंही लिहिलं. वैशाली भाकऱ्या थापत होती. तिलाही भिंतच लिहायची होती.

"चौथ्यात मोडलं," मी म्हटलं.

"चौथ्यात कुठं? चौथ्यात तर सण आहे."

"सणानंतर. शेजारच्या रखमाचं भगुलं परत देती बघ ती. वाच."

तिनं पिठाचे हात पुसून पान काढलं. एकच ओळ होती. सणाचं गोडधोड घेऊन आलेलं रखमाचं भगुलं द्वारकेनं घासून तिच्या ओट्यावर ठेवलं, रिकामंच, आणि ती वळली. त्या ओळीखाली कुणाची रेघ नव्हती.

"बरं, मग?"

"मग काय? रिकामं दिलं. तीन भावांचं घर, थोरली सून, आन भगुल्यात घालाय साखरंचा दाना न्हाई? घरात काय उरलं न्हाई ह्ये शेजारनीला कळलं. घर तितंच मोडलं. भितीचं काय, भित गवंडी घालतो."

वैशालीनं काही तरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तव्यावरची भाकरी करपत होती, ती उलटली. मग म्हणाली, "बरोबर आहे, आत्या. हेच लिहिते."

कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हे मला कुणी शिकवलं नाही. डोळ्यांदेखत होत असायचं. शेजारणीनं कालवण दिलं की तिच्या वाटीत चार शेंगा जायच्या, नाही तर गुळाचा खडा, नाही तर एक लिंबू. नवऱ्याची कंबर धरली होती तेव्हा तो चार महिने घरी पडून होता. त्या दिवसांत मी रस्त्याकडेच्या झाडाची कढीलिंबाची डहाळी मोडून लोकांच्या भांड्यात घातली आहे. पण रिकामं दिलं नाही. घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही, ते कुणाला कळू दिलं नाही. याचा मला अभिमान होता, लपवत नाही. आताच्या पोरांना हे माहीत नसलं तर त्यांचा दोष नाही. डबा प्लॅस्टिकचा येतो, पिशवीत घालून दारात ठेवून माणूस निघून जातो, खाऊन झालं की डबा कचऱ्यात. परत द्यायचं भांडंच राहिलं नाही तर त्यात काय घालायचं हा प्रश्न येतो कुठून?

वैशालीनं मी बोललेलं नीट भाषेत लिहिलं. मॅडमनी खाली लिहिलं, अगदी वेगळे वाचन. रोहननं लिहिलं, भन्नाट, ताई. नेहा सहमत होती. वैशालीनं ते मला दाखवलं तेव्हा मी वाल सोलत होते. खोटं कशाला बोलू, दोन वेळा वाचायला लावलं.

चार दिवसांनी मॅडमचा निरोप आला, वर्गात नाही, तिच्या एकटीच्या फोनवर. चौथ्या प्रकरणावरचा तुमचा प्रतिसाद तुमच्या बाकीच्या लेखनाशी जुळत नाही. हल्ली बरेच विद्यार्थी यंत्राकडून लिहून घेतात, म्हणून विचारावं लागतं. रविवारी अकरा वाजता कॅमेरा चालू ठेवून बोला. तो तुमचा आहे असं दिसलं नाही तर हे गुण देता येणार नाहीत.

म्हणजे परीक्षा नाही. म्हणजे वर्ष गेलं. आणि ऑफिसातली जागा वर्षभर तिच्यासाठी थांबणार नव्हती. पाळीवरची आणखी एक मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती.

माझा मुलगा संतोष न्हावा शेव्याला कंटेनरच्या ट्रेलरवर आहे. तो जेवायला आला होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ह्यात टेन्शन काय घ्यायचं? सांग मीच लिहिलं म्हणून. मॅडम काय घरी बघायला येणारेत?"

"आणि पुढचं विचारलं तर?"

"आईला विचारून ठेव. पाठ कर."

"जमतं का हिला खोटं बोलाय?" मी म्हटलं. "दूध उतू गेलं तरी तोंडावर दिसतं. आन तुझं न्हाईच त्ये, वैशाली. माझं हाय."

"मग काय करू, आत्या?"

"खरं सांग."

"खरं सांगितलं तर मार्क जातील."

"जातील."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला आणखी काही तरी ऐकायचं होतं. मी भाताचं भांडं झाकलं. संतोष म्हणाला, "तुझ्यासारखी सासू असल्यावर परीक्षेची गरज काय?" आणि ताट उचलून मोरीत ठेवलं.

शनिवार तसाच गेला. पंख्याचा वारा गरम येत होता, आणि पुस्तक फ्रिजवर पडून होतं. मला एवढंच वाटलं, की चौथी शिकलेल्या बाईचं बोलणं बी.ए.च्या मॅडमला यंत्राचं वाटलं. यात खूश व्हायचं की कसं, ते ठरेना.

रविवारी अकराला वैशालीनं बाहेरच्या खोलीत स्टुलावर पिठाचा डबा ठेवला आणि त्याला टेकून फोन उभा केला. दोरीवरचे कपडे काढले. साडी नेसली. मला म्हणाली, "आत्या, तुम्ही आत बसा हं." आत म्हणजे मधे एक पडदा. मी गवार मोडायला घेतली.

मॅडमचा आवाज तरुण होता, आणि रागावलेला नव्हता. "वैशाली, रिकाम्या भगुल्याचा मुद्दा तुम्हाला कसा सुचला?"

वैशालीनं सरळ सांगून टाकलं.

"मला नाही सुचला, मॅडम. माझ्या सासूबाईंनी सांगितला. मी टाइप केलं."

"त्या शिक्षिका आहेत का?"

"नाही. घरीच असतात. चौथी झाल्यात."

"त्यांनी कादंबरी वाचली आहे?"

"पूर्ण. माझ्या आधी."

मॅडम म्हणाल्या, "खरं सांगितलंत ते बरं केलंत. पण मग तो प्रतिसाद मला धरता येणार नाही. तुमचा स्वतःचा काही आहे का?"

"आहे, मॅडम. पण तो उलटा आहे."

"उलटा म्हणजे?"

माझ्या हातात शेंग होती ती तशीच राहिली.

"आत्या म्हणतात, रिकामं भांडं दिलं तिथं घर मोडलं. मला तसं नाही वाटत. द्वारका सगळ्यांची भांडी रिकामी देत नाही. सहाव्या प्रकरणात जावेच्या माहेरचा डबा परत जातो, तेव्हा ती कुठून कुठून मागून आणते पण त्यात लाडू घालून देते. रिकामं फक्त रखमाचं देते. कारण रखमापासून तिला काही झाकायचं नाहीये. परक्या माणसाला आपण रिकामं भांडं देत नाही, मॅडम. जिच्यापुढं लाज वाटत नाही, तिलाच देतो. अख्ख्या पुस्तकात द्वारकेला आपलं म्हणावं असं एकच माणूस आहे, आणि ते ह्या ओळीत कळतं. घर मोडायचं ते मोडलंच. पण ही ओळ मोडण्याची नाहीये."

"हे तुम्ही आधीच का नाही लिहिलंत?"

"आत्या बोलल्यावर कसं लिहिणार?"

ती हे तक्रार म्हणून बोलली नाही. नळाला सहा वाजता पाणी येतं, असं सांगावं तसं बोलली. भाकरी करपत होती तेव्हा तिनं तोंड कशाला उघडलं होतं, ते मला तेव्हा कळलं. मार्कांसाठी तिनं माझं लिहिलं असं मी समजत होते. तसं नव्हतं. आमच्या घरात भाजीत मीठ किती इथपासून मी बोलेन तेच होतं, आणि पुस्तकातल्या बाईचंही तेच झालं होतं.

"सासूबाईंना तुमचं म्हणणं पटतं का?" मॅडमनी विचारलं.

वैशाली पडद्याकडं वळली असणार. आता मला बोलणं भाग होतं.

"न्हाई पटत," मी आतूनच म्हणाले. "पन त्ये तिचं हाय. मार्क द्याचं तर त्याला द्या."

फोनमधून हसू आलं. मॅडम म्हणाल्या, हेच दोन दिवसांत लिहून टाका, पहिला प्रतिसाद मी काढून टाकते. वैशालीनं तो लिहिला, कामावरच्या जेवणाच्या सुट्टीत, माझ्यापासून लांब. मला वाचून दाखवला नाही आणि मी मागितला नाही. नेहा त्याच्याशीही सहमत झाली. परीक्षेला बसायचा कागद आला, परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला. खुर्चीवरची जागा मिळाली. आता बसून बसून तिची पाठ दुखते.

हे सगळं झालं, पण माझ्या डोक्यातलं पुस्तक गेलं नाही, ते दुसऱ्याच कारणानं.

आम्ही या वसाहतीत नवे आलो तेव्हा भिंतीला भिंत लागून शेवंता राहायची. तिचा नवरा कांदाबटाट्याच्या बाजारात होता. दुपारी कामं उरकली की ती माझ्या दारात येऊन बसायची. फार बोलायची नाही, गोधडीला टाके घालायची. मी कधी पिठलं, कधी आमटी तिच्याकडं पाठवायची. माझं भांडं परत यायचं ते घासून लखलखीत, आणि रिकामं. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्या वेळी कोपऱ्यावरच्या घराची वाटी तिनं परत दिली ती मी पाहिली. तिच्यात गूळ होता. त्यांना गूळ आणि आम्हाला रिकामं. मी ते मनात ठेवलं नाही. नळावर चार बायकांत म्हणाले, हिला आईनं वळणच लावलेलं दिसत नाही. शेवंताच्या कानावर ते गेलं असणार, नळावरचं सगळं सगळ्यांच्या कानावर जायचं.

पुढच्या वेळी माझं भांडं आलं ते साखर घालून. चांगली मूठभर साखर होती. मला वाटलं, सुधारली. त्यानंतर ती दुपारची बसायला आली नाही. दोन वर्षांनी ते लोक घर सोडून गावी गेले. ती बसायला येईनाशी झाली हे मी त्या दोन वर्षांत पाहिलं होतं, पण त्या साखरेशी जोडलं नव्हतं. ते जोडायला बी.ए.ची कादंबरी लागली.

शेवंता आता असेल की नसेल, माहीत नाही. असली तरी मी तिला शोधत जाणार नाही, या वयात कोण जातं? वैशालीला हे सांगितलेलं नाही. मॅडमच्या देखत 'पटत नाही' म्हणाले होते, आणि बोललेलं तोंडानं मागं घ्यायची मला सवय नाही. म्हणून लिहिलं. हे तिनं वाचलं तर वाचू दे.